सात वाजताची चाल

टीव्हीवर जे काही लागतं त्याबद्दल मला काहीतरी वाटतं, पण मी ते बोलत नाही. चौथी शिकलेल्या बाईने सिनेमाबद्दल मत दिलं की आमच्या घरात हसतात. वाईट मनाने नाही हसत, पण हसतात. एकदा मुलगा आणि त्याचे वडील एका नव्या सिनेमावरून वाद घालत होते. मुलगा म्हणत होता फायटिंग भारी आहे, वडील म्हणत होते आता पहिल्यासारखे सिनेमे राहिले नाहीत. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "त्या हिरोला चिखलात एवढं लोळवलं, पण उठला तेव्हा शर्ट पांढराच होता." दोघं माझ्याकडे बघायला लागले. मग मुलगा म्हणाला, "आई, तू ना, फक्त कपडे बघ." आणि दोघं हसले. मीही हसले. पण तेव्हापासून मी माझं मत तव्याला सांगते.

मुलाच्या मोबाईलमध्ये गोळीबाराचा एक खेळ आहे. त्यात माणसं विमानातून उड्या मारतात आणि रिकाम्या गावात उतरतात. मला उतरेपर्यंतचा भाग आवडतो. खाली घरं असतात, जिने असतात, अंगणं असतात आणि कुणीच नसतं. मुलगा दारं ढकलून आत शिरतो, बंदुका शोधतो आणि कानात वायर घालून ओरडतो, "पीछे से आ, पीछे से!" मी एकदा विचारलं, "ह्या घरातली माणसं कुठे गेली रे?" तो म्हणाला, "आई, गेम आहे तो." मला माहीत होतं की गेम आहे. तरी वाटतं, एखाद्या घरात निदान एक पातेलं तरी ठेवायचं.

गाण्यांच्या स्पर्धेबद्दल तर मला फारच वाटतं. लहान मुलगी गायला उभी राहते, त्याआधीच तिचं गळकं घर दाखवतात, मग तिची आई डोळे पुसते, मग खुर्चीवरचे परीक्षक डोळे पुसतात. गाणं अजून सुरूच झालेलं नसतं. मला त्या आईकडे बघवत नाही. तिला कुणीतरी सांगितलेलं असणार, की आता रडा. उद्या मला कुणी असं उभं केलं तर मी पण रडेन, नाही म्हणायची हिंमत होणार नाही.

आणि डीजे मला आवडत नाही. आपली जयंतीची गाणी डीजेवर लागली की शब्द ऐकूच येत नाहीत, छातीत नुसतं धडधडतं. हे एकच मत मी एकदा मोठ्याने बोलले होते आणि आत्या म्हणाल्या, "बरोबर बोलली." म्हणून ते लक्षात राहिलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. आधी दिव्याला होतो, पण तिथे पाण्याने जीव नकोसा केला म्हणून इकडे आलो. नवरा खोपटच्या एसटी डेपोत वर्कशॉपला आहे, मुलगा मोबाईलच्या दुकानात. दिवसभर घरात आत्या आणि मी. आत्यांनी आमच्या विहारातलं महिला मंडळ उभं केलं. आता वयाने आवाज फाटला आहे, पण पूर्वी त्या गायला लागल्या की गल्लीतली माणसं थांबायची, असं सगळे सांगतात. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. ती टोपली नदीपर्यंत आत्यांच्या डोक्यावर होती. हे त्या आम्हाला दरवर्षी एकदा तरी सांगतात आणि सांगताना मान ताठ करतात, जणू टोपली अजून डोक्यावर आहे.

रोज सकाळी त्या पंचशील म्हणतात ते सगळ्या चाळीला ऐकू जातं. एकही शब्द अडखळत नाही. आणि म्हणतात तशा वागतातही. माझ्या माहेरची माणसं जेवायला आली आणि भाजी खारट झाली, तर पाहुण्यांनी छान झाली म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, "छान कुठली, खारट झालीय. पाणी प्या." अशा आहेत. मला त्या मुकी म्हणतात. "आमची मुकी चहा करेल," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी चहा करते.

आमच्या घरात देवादिकांच्या मालिका बघायच्या नाहीत. आत्यांनी मुलाला सांगून असल्या मालिकांचं चॅनलच पॅकमधून काढून टाकायला लावलं. आणि मी गेलं वर्षभर तसलीच एक मालिका बघत होते.

आत्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून वंदनेला विहारात जायच्या आणि साडेसातनंतर परत यायच्या. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्या की मी मेथीची जुडी नाहीतर शेंगांची परात घेऊन शेजारच्या वहिनींकडे जायची. वहिनी कोकणातल्या आहेत, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्यांच्याकडे सात वाजता देवीची मालिका लागायची. मी उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून बसायची. वहिनी म्हणायच्या, "अगं आत ये, तिथे काय बसतेस वारा खात?" मी म्हणायची, "इथेच बरं आहे." दारात बसलं की आत्या आल्या तर दिसतात, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मालिका फार चांगली होती असं नाही. त्यातल्या गरीब बाईला तिची जाऊ महिनाभर छळायची आणि देवी अगदी शेवटी यायची. मला वाटायचं, हिला एवढा उशीर का होतो, हिच्या घरी काय धुणं असतं? राक्षसाचं काम करणारा माणूस मात्र मला आवडायचा. सगळ्यांत तोच मनापासून काम करायचा. देवी प्रकट झाली की वहिनी हात जोडायच्या आणि मी मान खाली घालून मेथी निवडायची. हात जोडायचे नाहीत, हे मी पक्कं ठरवलं होतं. मनाशी म्हणायची, बघणं म्हणजे पूजा नाही. पण तसं असतं तर दारात कशाला बसले असते?

खरं सांगायचं तर मी त्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यासाठी जायची. शब्द देवीचे होते, ते मी कानामागे टाकायची. चाल मात्र अशी होती की पहिली ओळ वर चढायची, दुसरी अर्ध्यावर येऊन थांबायची, तिथे दोनदा घंटा वाजायची आणि मग गाणं हळूच खाली उतरायचं. त्या दोन घंटांच्या मधल्या जागेत माझे हात मेथीवर थांबायचे. ती चाल भांडी घासताना, पाणी भरताना माझ्या तोंडात असायची. शब्दांशिवाय, नुसती.

जयंती जवळ आली तेव्हा मंडळाची तालीम सुरू झाली. दुपारची जेवणं उरकून आम्ही विहारात जमायचो. मी मागच्या रांगेत असायची, ओठ हलवायला आणि चहा द्यायला. ह्या वेळी आमच्या अध्यक्षबाईंनी स्वतः गाणं लिहिलं होतं. पाटी घेऊन शाळेत निघालेल्या वस्तीतल्या पहिल्या मुलीचं गाणं होतं ते. शब्द फार सुंदर होते. मी चौथीनंतर शाळा सोडलेली, मला ते म्हणतानाही चोरट्यासारखं वाटायचं.

शब्द होते पण चाल जमत नव्हती. आमच्याकडे कुठल्याही गाण्याची चाल घेतात, सिनेमातली, कव्वालीची, आणि तिच्यावर आपले शब्द बसवतात. त्यात कुणी कमीपणा मानत नाही. पण जी चाल घ्यावी ती आधीच कुणीतरी वापरलेली निघायची.

"ही तर खालच्या गल्लीवाल्यांनी मागच्या वर्षी म्हटली," ढोलकीवाल्या मावशी म्हणाल्या. त्या मंडळात सगळ्यात तोंडाळ आहेत.

"मग काय झालं?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग काय, लोक म्हणतील ह्यांच्याकडे एकच कॅसेट आहे. ती पण उसनी."

सगळ्या हसल्या. मी कोपऱ्यात कप विसळत होते. काम करताना तोंडात चाल आलेली मला कळत नाही. कळलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय गुणगुणतेस गं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "परत म्हण."

मी म्हटलं, "काही नाही."

"अगं म्हण की, खातो काय आम्ही तुला?"

मी कपाकडे बघत नुसती चाल म्हटली. अध्यक्षबाईंनी तिच्यावर आपले शब्द ठेवून बघितले आणि ते असे बसले जसे काही त्याच मापाने शिवले होते. दुसऱ्या ओळीत मी थांबले, तिथे मावशींनी ढोलकीवर आपोआप दोन थापा दिल्या.

"कुठली चाल गं?" कुणीतरी विचारलं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. सिनेमातली आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी कप पुसत राहिले.

"तू लावलीस?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "स्वतः?"

मी तेव्हाही गप्पच राहिले, आणि त्यांनी माझं गप्प बसणं होकार धरलं.

आत्या समोर खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या मुकीला कंठ फुटला," त्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या डोक्यावर असा हात कधी ठेवला नव्हता. तो हात मला परत द्यावासा वाटेना.

त्या दिवसापासून मला मागच्या रांगेतून पुढे आणलं. आत्या भाजीवाल्याजवळ, नळावर, दवाखान्यात सांगायला लागल्या, "आमच्या सुनेने चाल लावलीय. चौथी शिकली पण डोकं आहे." घरी मुलाला म्हणाल्या, "हसायचास ना आईला? आता ऐकायला ये." मुलगा म्हणाला, "आई, खरंच तू केलंस?" मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले.

मला रोज वाटायचं, आज कुणीतरी ओळखणार. चाळीत किती घरांतून ती मालिका ऐकू येते. पण तालमीत कुणी काही बोललं नाही. उलट दुसऱ्या ओळीनंतर सगळ्या बरोबर थांबायच्या, शिकवावं लागलं नाही. एका दुपारी माझ्या लक्षात आलं. मावशी दोन थापा देताना डोळे मिटायच्या आणि ओठ किंचित हलायचे, भलत्याच शब्दांवर. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. त्यांनी पटकन तोंड फिरवलं. तेव्हा कळलं की ओळखलं सगळ्यांनी आहे. पण ओळखलं असं सांगायचं म्हणजे आपणही बघतो हे सांगायचं, तेही आत्यांसमोर. म्हणून सगळ्या माझी चाल म्हणून ती गात होत्या. माहीत नव्हतं ते एकट्या आत्यांना.

मग आत्यांनी शेजारच्या वहिनींना आमंत्रण दिलं. "यायचंच. हिची चाल आहे."

वहिनींना लपवाछपवी माहीत नव्हती. त्या ऐकल्याबरोबर मोठ्याने म्हणणार, "अगंबाई, ही तर आपली सात वाजताची!" कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "वहिनी, आत्यांसमोर बोलू नका. मी इथे येऊन बघते हे घरी माहीत नाही."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्या अंगातला गाऊन नीट करत उभ्या राहिल्या. "वर्षभर दारात बसतेस ते म्हणून?"

मी मान हलवली.

"मला वाटलं तुला उकडतं." मग त्या म्हणाल्या, "आमच्या घरात बसलेली कुणी बघू नये असं वाटतं होय तुला? मी माझ्या सासूला सांगितलं होतं, ती आपल्यात येते, बसते, किती बरं वाटतं."

मला बोलायचं होतं की तसं नाही वहिनी, तुमच्या घराची लाज नाही. पण मला पाहिजे तेव्हा बोलता येत नाही. मी परत आले.

कार्यक्रमाला वहिनी आल्या. चांगली साडी नेसून आल्या आणि आत्यांनी त्यांना स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आम्ही स्टेजवर उभ्या राहिलो. अध्यक्षबाईंनी माईकवर सांगितलं की चाल आमच्याच मंडळातल्या भगिनीची आहे. टाळ्या झाल्या. मी पायाच्या नखांकडे बघत गायला लागले. पहिली ओळ वर गेली, दुसरी अर्ध्यावर आली आणि आम्ही थांबलो. मावशींचा हात ढोलकीवर पडायच्या आधीच समोरच्या सगळ्या बायकांनी दोन टाळ्या दिल्या. एकदम, एका तालात, बरोबर घंटेच्या जागी. मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हसलं. वहिनींचे हात मांडीवर होते. त्यांनी टाळी दिली नाही.

आत्यांचा चेहरा मात्र उजळला होता. घरी येताना त्या वहिनींना म्हणाल्या, "बघितलंत? पहिल्यांदा ऐकून ताल कसा धरला लोकांनी! तुम्हाला कशी वाटली चाल?"

"छान होती काकी," वहिनी म्हणाल्या. "मी पण पहिल्यांदाच ऐकली."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांचे पाय सुजले. जयंतीच्या धावपळीत दिवसभर उभं राहणं झालं होतं. त्या वंदनेला गेल्या नाहीत, पलंगावर बसून होत्या आणि मी पायाला तेल लावत होते. सात वाजले. भिंतीपलीकडून ती चाल आली. वर चढली, थांबली, दोन घंटा.

आत्यांनी पाय ओढून घेतला. "ऐकलंस?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"तुझी चाल! चोरली मेल्यांनी!" त्या पायाने चपला शोधायला लागल्या. "कालच म्हटली आणि आज टीव्हीवर? मोबाईलवर घेत होती पोरं, त्यांनीच दिली असणार. देवीच्या नावाला लावली बघ आपली चाल. चल, विचारू या शेजारी कुठलं चॅनल आहे. पोराला सांगू, तक्रार करू दे."

त्या चपला घालून दारापर्यंत गेल्या होत्या. त्या सुजलेल्या पायांनी वहिनींच्या दारात जाऊन माझ्यासाठी भांडणार होत्या. मी त्यांचा हात धरला.

"आत्या, चाल त्यांचीच आहे. मी लावली नाही. तुम्ही विहारात जाता तेव्हा मी तिथे बसून ती मालिका बघते."

त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. पलीकडे राक्षस हसत होता.

"मंडळातल्या बायकांना माहीत होतं?"

"असणार."

"त्या टाळ्या..." म्हणत त्या परत येऊन पलंगावर बसल्या आणि चपला काढायला वाकल्या. मी काढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "सगळ्या गावाला सांगत फिरले मी," त्या म्हणाल्या. रागावून नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी देवीचं, मालिकेचं काही विचारलं नाही. टोपलीचंही काही बोलल्या नाहीत. "दार लाव," म्हणाल्या. मी लावलं. दार लावून भिंतीतून यायचं ते थांबलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघी भाजीच्या गाडीवर उभ्या होतो. खालच्या गल्लीतल्या मंडळाची एक बाई तिथे आली. गवार निवडता निवडता ती गोड आवाजात म्हणाली, "काकू, चाल बाकी भारी होती हां तुमच्या सुनेची. आमच्या नातीला पण येते ती. कुठून शिकली कोण जाणे."

मला वाटलं, आता आत्या सांगणार. खारट भाजीला खारट म्हणणाऱ्या बाई त्या. मी पिशवीचे बंद घट्ट धरले आणि सांगून टाकू देत असंच मनात म्हटलं.

"हिच्याकडूनच ऐकली असेल तुझ्या नातीने," आत्या म्हणाल्या. "घरात सारखी म्हणते ही. चाल हिचीच आहे." आणि भाजीवाल्याला म्हणाल्या, "मेथी दे रे, ताजी दे."

घरी येऊन मी मेथी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं पंचशील म्हणायला सुरुवात केली. मी ओट्याजवळ होते. पहिली तीन शीलं रोजच्यासारखी मोठ्याने झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला भिंतीपलीकडचा नळ ऐकू आला. मी त्यांच्याकडे पाठ करूनच उभी राहिले. पाचवं त्यांनी परत मोठ्याने म्हटलं.